मदत हवी आहे: गिऱ्हाईक वाकलेला जॅक परत घेऊन आलंय

होटगीरोडकर: सोलापुरात स्पेअर पार्टचं दुकान आहे. तीन आठवड्यांपूर्वी एकाला जॅक विकला. काल तो वाकलेला जॅक काउंटरवर आपटून गेला. मोहोळजवळ पंक्चर झालं, चाक काढताना जॅक कलंडला, गाडी खाली बसली, दाराखालची पट्टी चेपली म्हणतो. हाताला लागलं नाही हे नशीब. जॅकचे पैसे आणि डेंटिंगचे साडेचार हजार मागतोय. उद्या सहाला येणार आहे. काय सांगू? लवकर बोला.

दहाअकराचा_पाना: कात्रीचा, म्हणजे स्क्रू फिरवला की हात उघडतात तो, की बाटलीसारखा उभा बॉटल जॅक? गाडी कुठली? वाकलाय म्हणजे हात पिळलेत की स्क्रूचे आटे गेलेत?

बाळेकर: कात्रीचा जॅक विकूच नका. मी पंधरा वर्षं बॉटल जॅकच वापरतो. हायड्रॉलिक, ताकद लागत नाही.

दहाअकराचा_पाना: बाळेकर, तुमची जीप असेल. लहान गाडीचा टायर बसल्यावर बॉटल जॅक खाली शिरतच नाही. त्यांनी काय विचारलंय ते बघा आधी.

होटगीरोडकर: कात्रीचाच, एक टनाचा. गाडी सेदान. तो म्हणतो गाडी अकराशे किलोची आणि तुम्ही एक टनाचा जॅक दिला, म्हणजे फसवलं. खरंय का?

दहाअकराचा_पाना: नाही. जॅक अख्खी गाडी उचलत नाही, एक कोपरा उचलतो. बाकीचा भार उरलेल्या चाकांवर असतो. एक टन पुरतो. तुम्ही स्क्रू हातानं पूर्ण फिरवून बघा. हात सरळ आणि आटे झिजलेले, तर माल खराब, वाद घालू नका. आटे चांगले आणि हात एका बाजूला पिळलेला, तर जॅक तिरका झाला होता. मोहोळकडं साइडपट्टीला काळी माती, त्यात पावसाळा. बूड एका बाजूनं रुतलं की जॅक कलतोच. खाली फळी हवी होती.

ग्राहकमित्र_सोलापूर: पक्कं बिल दिलंत का? खोक्यावर कंपनीचं नाव, वापराच्या सूचना होत्या का?

जुळेसोलापूर: हल्ली काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. २०२० च्या नियमानं ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असली की चालतं. रात्री टेंभुर्णीजवळ टायर फाटला तर किटनं काय करायचं?

होटगीरोडकर: स्टेपनीचा वेगळा धागा काढा की! बिल नाही, त्यानं मागितलं नाही. जॅक सुटाच दिला, खोकं नव्हतं. कंपनीचं नाव जॅकवरही नाही.

ग्राहकमित्र_सोलापूर: मग तुमची बाजू कच्ची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बनवणारा कोण ते कळत नसेल तर सदोष मालाची जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. तो १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करेल किंवा जिल्हा ग्राहक आयोगात जाईल, दोन वर्षांची मुदत आहे त्याला.

बाळेकर: घाबरवू नका त्यांना. पैसे देऊ नका मालक, एकाला दिले की रांग लागेल.

दहाअकराचा_पाना: माणूस गाडीखाली सापडला असता तर काय म्हणाला असता बाळेकर?

होटगीरोडकर: स्क्रू फिरवून बघितला. आटे ठीक आहेत. एक हात पिळलाय, बुडाला एका बाजूला वाळलेली काळी माती आहे.

दहाअकराचा_पाना: म्हणजे रुतला. पण विकताना सांगितलं होतं का? हँडब्रेक, विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड, नट आधी ढिले, पट्टीच्या खाचेतच जॅक, खाली फळी?

होटगीरोडकर: नाही सांगितलं. गर्दी होती. सगळ्यांना माहीत असतं असंच धरून चालतो आपण.

जॅकचे पैसे परत करतो, डेंटिंगचे निम्मे देतो म्हणून सांगतो. त्याच्याच गाडीला दुकानासमोर फळी टाकून जॅक लावून दाखवतो. बिनखोक्याचे सात नग उरलेत, ते आजच मांडणीवरून काढले.

ग्राहकमित्र_सोलापूर: जे ठरेल ते लिहून दोघांच्या सह्या घ्या.