वर्गातल्या वह्या आणि जोसेफ ब्लॅक

काही जण म्हणतात की व्याख्यानं ऐकताना विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या वह्या म्हणजे चुकांनी भरलेली उतरवण, इतिहासाला तिचा उपयोग काय? मला हे पटत नाही. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांचंच घ्या. अप्रकट उष्म्याचा (म्हणजे बर्फ वितळताना तापमान न वाढवता शोषल्या जाणाऱ्या उष्णतेचा) शोध त्यांनी 1760च्या सुमारास ग्लासगोत लावला, पण स्वतः कधी छापला नाही. शिकवला मात्र वर्षानुवर्षं, आधी तिथे आणि 1766 पासून एडिनबरात. ऐकणारी मुलं तो लिहून घेत, त्या वह्यांच्या नकला होत, विकल्याही जात. 1770 मध्ये लंडनला अशाच टिपणांवरून एक निनावी पुस्तकही निघालं, ब्लॅकना न विचारता!

त्यांचा प्रयोग किती साधा होता पाहा. दोन सारखी काचपात्रं, एकात बर्फासारखं गार पाणी, दुसऱ्यात तेवढाच बर्फ. पाणी अर्ध्या तासात 40 अंश फॅरनहाइटला पोचलं, बर्फाला साडेदहा तास लागले, कारण बरीचशी उष्णता तो वितळण्यातच गेली.

ब्लॅक 1799 मध्ये वारले. त्यांचे शिष्य जॉन रॉबिसन यांनी त्यांची व्याख्यानं 1803 मध्ये छापली, पण त्यात संपादकाचा हात आहेच. म्हणून वेगवेगळ्या वर्षांच्या वह्या शेजारी ठेवून वाचायला हव्यात. एकाची चूक दुसऱ्याच्या वहीवरून कळते, आणि सरांनी कोणत्या वर्षी काय बदललं तेही.