मदत हवी आहे: 'अम्यूज्ड', 'बिम्यूज्ड' आणि वडलांचं हसू

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईत बारावीच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. मागच्या आठवड्यात भर वर्गात तोंडावर आपटलो. एका पोरीनं विचारलं, "सर, अम्यूज्ड आन् बिम्यूज्ड एकच का?" मी दिलं ठोकून: "लव्हड-बिलव्हड असतं ना, तसंच. अम्यूज्ड म्हणजे गंमत वाटलेला, बिम्यूज्ड म्हणजे जरा जास्तच अम्यूज्ड." दुसऱ्या दिवशी बाई मोबाईलवर डिक्शनरी उघडूनच आली. "सर, तुम्ही उलटंच सांगायलात. इथं तर गोंधळलेला लिहिलंय." अख्खा वर्ग अम्यूज्ड आणि मी बिम्यूज्ड. फरक तेवढा कायमचा डोक्यात बसला.

मग मी हात धुऊन मागं लागलो. 'अम्यूज' हा मूळचा फ्रेंच, आ वासून बघत राहण्याशी नातं असलेला. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ चक्क भुलवणं, झुलवत ठेवणं असाही होता. करमणूक मागून आली. 'बिम्यूज्ड'चं तर विचारूच नका, अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीनं १७३५ साली एका कवितेत पाद्र्याला बिअरमध्ये बिम्यूज्ड करून ठेवलंय. आपण 'तर्र' म्हणू.

हसण्याच्या बाकीच्या इंग्रजी शब्दांपैकी 'फनी'नं मात्र त्रास दिला नाही, कारण आपली 'गंमत' अगदी तशीच दुतोंडी आहे. "गंमतच आहे, काल नळाला पाणी होतं, आज टिपूस नाही," असं म्हणताना कोण हसतं? 'फनी स्मेल' म्हणजे हसवणारा वास नव्हे, हेही पोरांना त्यावरूनच पटलं. 'कॉमिक' आणि 'कॉमिकल'चं असं सांगितलं की भारुडातलं सोंग मुद्दाम हसवतं ते कॉमिक. सोंग घेतलेल्याचा फेटा सुटून तोंडावर आला आणि लोक हसले, तर ते कॉमिकल. हा फरक इंग्रजीत दर वेळी पाळतातच असं नाही, पण शिकवायला सोयीचा आहे.

अडलंय ते 'राय स्माइल'पाशी. हा राय म्हणजे मूळचा वाकडा, पिळवटलेला. पण मराठीत 'वाकडं तोंड' म्हटलं की नापसंती आली, हसू गेलं. माझ्या डोळ्यांसमोर आमचे वडील आहेत. मोंढ्यात सोयाबीनचा भाव ऐकला की काही बोलत नाहीत. पावतीची चार पदरी घडी घालतात, खिशात सरकवतात आणि ओठाच्या एकाच कोपऱ्यातून हसतात. मला त्याच हसण्याला शब्द पाहिजे. 'उपरोधिक' चालत नाही, त्यात दुसऱ्याला टोचणं आलं. कुणी सुचवता का?

प्रतिसाद १: कसनुसं हसले. चालेल की.

प्रतिसाद २: 'कसनुसं'मध्ये अवघडलेपण आहे, चोरी पकडल्यासारखं. सरांच्या वडलांनी काही चोरलेलं नाही. मला वाटतं विशेषणाच्या मागं लागूच नका. 'स्वतःशीच हसले' म्हणा आणि पावतीची घडी तशीच ठेवा, बाकीचं काम ती करते. जाता जाता: बिम्यूज्डवरून एवढं मनाला लावून घेऊ नका. आता बरेच इंग्रज लेखकही तो 'गोंधळून थोडंसं हसू येणं' अशा अर्थानं वापरतात, मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीनं तो अर्थ नोंदवलाही आहे. पोरगी बरोबर, पण तुम्हीही पूर्ण चूक नाही.

प्रतिसाद ३: बिम्यूज्डला 'बावचळलेला' घ्या. आमच्याकडं परभणीला दुपारच्या झोपेतून उठलेल्या लेकराला म्हणतात.

धागाकर्ता: बावचळलेला पक्का, उद्याच फळ्यावर जातो. मेरियम-वेबस्टरचं वर्गात सांगणार नाही. पोरगी म्हणेल, सर आता पळवाट काढायलेत. 'स्वतःशीच हसले' आवडलं, पण त्यात सुखाचं हसूही बसतं, म्हणून प्रश्न उघडाच ठेवतो. काल रात्री जेवताना थेट वडलांनाच विचारलं, की भाव ऐकून तुम्ही हसता त्या हसण्याला काय म्हणायचं? भाकरी मोडता मोडता म्हणाले, "हसू कामून म्हणायलास त्याला?"