'कला', 'कळा' आणि आर्ट्स : नेमका कुठला अर्थ धरायचा?

परवा घरी एक प्रसंग झाला त्यावरून विचारतोय. भाचीला दहावीला चांगले मार्क पडलेत आणि तिला आर्ट्सला जायचंय, इतिहास आणि मराठी हे तिचे जीव की प्राण विषय. काका लगेच म्हणाले, अगं चित्रं काढून आणि नाटकं करून पोट भरतं का? आता या पोरीने आयुष्यात ब्रश हातात धरलेला नाही, तिला शिवकालीन कागदपत्रं वाचायला शिकायचंय, मोडी शिकायला सुरुवातही केलीय तिने. ती रडवेली झाली आणि मला पटकन काही बोलता आलं नाही. नंतर डोक्यात आलं की काकांची काळजी खरी आहे पण निम्मा घोटाळा शब्दाचा आहे. तर प्रश्न असा, की 'कला शाखा' मधली कला म्हणजे कुठली? आणि आई म्हणते ना, "तोंडावर कळा नाही पोरीच्या", ती कळा आणि ही कला एकच का?

प्रतिसाद १

शाखेचं सांगतो. युरोपात मध्ययुगात विद्यापीठांत ७ विषयांना मिळून आर्ट्स म्हणत. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत. म्हणजे गणित आणि ताऱ्यांचा अभ्यास हे सुद्धा आर्ट्सच! चित्र आणि शिल्प त्या यादीत नव्हतेच. 'बॅचलर ऑफ आर्ट्स' हे नाव तिथून आलंय. मुंबई विद्यापीठ १८५७ चं आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट पण १८५७ चंच, एका गावात एकाच वर्षी 'आर्ट' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी पाटीवर लागला आणि मराठीत आपण दोन्हीला 'कला' म्हणून मोकळे झालो. माझ्या मते हे भाषांतर चुकलंच. आपल्याकडे "चौदा विद्या चौसष्ट कला" अशी जोडी आधीपासून होती की, इतिहास तत्त्वज्ञान साहित्य यांचा अभ्यास सरळ विद्येत बसला असता. मराठी विश्वकोशाने 'मानव्यविद्या' हा शब्द वापरला तो म्हणूनच मला जास्त पटतो, जरा जड आहे पण काय शिकायचं ते नीट सांगतो. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विद्याशाखांची फेरमांडणी झाली तेव्हाही आर्ट्स जाऊन ह्युमॅनिटीज आलं. अकरावीच्या फॉर्मवर मात्र अजून कलाच आहे.

प्रतिसाद २

कळा आणि कला एकच, ल चा ळ झालाय इतकंच. मूळ अर्थ छोटा अंश, भाग. चंद्राच्या १६ कला म्हणतो तोच. शुद्ध पक्षात चंद्र कलेकलेने वाढतो, वद्य पक्षात एकेक कला कमी होत जाते, त्यावरूनच 'उतरती कळा लागली' म्हणतो आपण. संक्रांतीची काळी चंद्रकळा पण यातलीच. आणि मग चंद्राचा अंश म्हणजे त्याचा उजेड, म्हणून कळा म्हणजे तेज. तोंडावरची कळा, मुखकळा, अवकळा, प्रेतकळा, सगळे त्याच घरचे शब्द. मला हे फार मोलाचं वाटतं. कारण "कलेचा उपयोग काय" असं कोणी विचारलं की आपण उत्तरं शोधत बसतो, नोकऱ्या किती, पॅकेज किती, आणि त्या मोजपट्टीवर बिचाऱ्या कवितेला उभंही राहता येत नाही. पण मराठी माणूस वाचनालय बंद पडलेल्या, जत्रेतला तमाशा थांबलेल्या, नाट्यगृहाचं छत गळणाऱ्या गावाबद्दल काय म्हणतो? गावाला अवकळा आली म्हणतो. पाणी आहे, रस्ता आहे, धान्य आहे, तरी अवकळा. उपयोग मोजता येत नसेल पण उणीव डोळ्यांना दिसतेच ना!

प्रतिसाद ३

कळा म्हणजे बाळंतपणाच्या कळा ना? त्या पण यातूनच आल्या का?

प्रतिसाद २ कडून

नाही ताई, तो 'कळ' चा अनेकवचन, दुखण्याची कळ. दिसायला सारखा, शब्द वेगळा. आणि 'कलाने घेणे' मधला कल पण वेगळा, तो झुकाव. हे तिन्ही शब्द लोक नेहमी एकत्र करतात.

प्रतिसाद ४

चौसष्ट कलांची यादी कधी कोणी बघितलीय का? वात्स्यायनाच्या कामसूत्रातली. गाणं, वाजवणं, नाच, चित्र तर आहेच पण त्यातच स्वयंपाक, शिवणकाम, सुतारकाम, घरबांधणी, धातूंचं ज्ञान आणि पोपट-मैनेला बोलायला शिकवणं हे पण आहे. म्हणजे कला एकीकडे आणि उपयोगाचं काम दुसरीकडे अशी भिंतच नव्हती या शब्दात. ती आपण नंतर घातली.

दुसरं, 'करमणूक' या शब्दाकडे पण बघा. कलेला नुसती करमणूक म्हटलं की लोकांना अपमान वाटतो, मला नाही वाटत. मूळ 'करमणे' आहे. "करमत नाही गं" असं सासरी गेलेली मुलगी फोनवर म्हणते तेव्हा तिला टाइमपास हवा असतो का? तिचं मन तिथे लागत नसतं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं त्याचं नावच 'करमणूक', आणि त्यात छापलं काय तर 'पण लक्षात कोण घेतो?', विधवा झालेल्या यमूची कहाणी, तिचं केशवपन. वाचून कोणाला हसू येणार आहे? तरी नाव करमणूकच. दुसऱ्याच्या दुःखात मन गुंतणं हे सुद्धा त्या शब्दात बसत होतं, पुढे करमणूक कर वगैरे आल्यावर शब्द बारीक झाला.

प्रतिसाद ५

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे 'कलावंत' हे देवळांत गाणं-नाचणं करणाऱ्या समाजाचं नाव होतं, आणि 'कलावंतीण' शब्द तर शिवीसारखा वापरला गेलाय. ज्या गळ्यांनी गाणं जपलं त्यांनाच नावं ठेवली लोकांनी. पुरुषाला कलावंत म्हटलं की शाल-श्रीफळ, बाईला कलावंतीण म्हटलं की मान खाली. शब्दचर्चेत हेही यायला हवं, नाहीतर आपण फक्त चंद्राच्या गोष्टी करत राहू.

मूळ धागाकर्ता

ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, बरं केलंत लिहिलंत. सगळ्यांचे आभार. काकांना काल ७ विषयांचं सांगितलं, त्यात गणित होतं हे ऐकून ते जरा थांबले, म्हणाले मग नाव असं का ठेवलं. फॉर्म शनिवारी भरायचाय. अजून एक विचारायचंय, माणूस आणि गाव सोडून आणखी कशाला 'कळा' लावतात? तुमच्याकडे ऐकलंय का?

प्रतिसाद ३

हो, घराला. आमची आजी दिवाळीच्या आदल्या दिवशी अंगण सारवून, गेरू लावून रांगोळी काढायची, मग दोन पावलं मागे जाऊन बघायची आणि म्हणायची, "हां, आता कळा आली घराला."