'कॉन्टॅक्ट फोर्स'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: हृदयाच्या अब्लेशनवर रुग्णांसाठी पुस्तिका मराठीत आणतेय. मांडीच्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, आत नेतात आणि ठोके बिघडवणारी जागा रेडिओलहरींनी तापवून निकामी करतात. तिचं टोक हृदयाच्या भिंतीवर किती जोरानं आहे तेही मोजतात, तोच 'कॉन्टॅक्ट फोर्स'. मी 'संपर्क-दाब' लिहिलं, तपासनिसांनी 'स्पर्शबल' केलं. रुग्णाला कोणता कळेल?

विज्ञानशिक्षक: तपासनीस बरोबर आहेत. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरचं बल. इथे मोजतात ते बल. शाळेत मुलांना हा फरक शिकवायचा आणि पुस्तिकेत तो पुसायचा, हे पटत नाही.

सोलापूरकर: 'स्पर्शबल' ऐकून माझ्या आईला काहीही कळणार नाही. तिच्यासाठी 'जोर' पुरे.

कॅथलॅब तंत्रज्ञ: पडद्यावर आकडा ग्रॅममध्ये येतो आणि ठोक्यागणिक, श्वासागणिक हलतो. आत्ता 18, लगेच 7. साधारण 10 ते 40 मध्ये ठेवायचा प्रयत्न असतो. कमी पडला तर डाग वरवर बसतो, पेशी सावरतात आणि ठोके पुन्हा बिघडतात. अब्लेशन झालेल्या रुग्णांवरच्या 2012च्या 'टोकाटा' अभ्यासात सरासरी 10 ग्रॅमपेक्षा कमी जोर मिळालेल्या सगळ्यांना वर्षभरात पुन्हा त्रास झाला. असे रुग्ण मोजकेच होते, पण दिशा स्पष्ट होती. जोर जास्त झाला तर पातळ भिंतीला भोक पडायची भीती. जोर मोजणारं कॅथेटर यायच्या आधी एक्स-रेत टोकाची हालचाल, तिथला विद्युत आलेख आणि तापवताना उतरणारा विद्युतरोध यांवरून अंदाज बांधत. आजही नुसत्या आकड्यावर कोणी विसंबत नाही. 'दाब' मात्र नको. रुग्ण लगेच विचारतो, "माझं बीपी वाढवणार का?"

विज्ञानशिक्षक: ग्रॅम हे वस्तुमानाचं एकक. निदान 'ग्रॅम-भार' लिहा.

नागपूरचा वाचक: 'टेकणे' का नको? कॅथेटर नुसतं लागलं आणि नीट टेकलं, हा फरक मराठीत आयता आहे. लागणं क्षणाचं, टेकण्यात भार येतो. पाय टेकला, पाठ टेकली.

सोलापूरकर: आणि 'डॉक्टरांनी हात टेकले'? ऑपरेशनच्या पुस्तिकेत हे नको हो!

नागपूरचा वाचक: तो वाक्प्रचार हातांचा. 'टोक भिंतीला टेकलं' यात हार कुठे आली?

अनुवादिका: 'टोक किती जोरानं टेकलंय' आवडलं. पण तक्त्याच्या मथळ्यात वाक्य मावत नाही, तिथे नाम लागेल. शिवाय वर 'डाग' आलाय. अब्लेशनला 'डागणे' चालेल?

मेळघाटात काम केलेली परिचारिका: कृपा करून नको. तापलेल्या विळ्यानं तान्ह्या बाळांच्या पोटावर दिलेले चटके मी पाहिलेत. तिथल्या आईला 'हृदय डागणार' सांगितलं तर ती उठून जाईल, किंवा घरच्या डागण्याही दवाखान्यातल्यासारख्याच योग्य आहेत असं समजेल. दुसरं जास्त वाईट.

आयुर्वेदाचा विद्यार्थी: सुश्रुतानं अग्निकर्म, म्हणजे डागून उपचार, सांगितलंय. शब्द शास्त्रशुद्ध आहे, परंपरेतला आहे.

परिचारिका: सुश्रुत वाचणाऱ्यांसाठी ही पुस्तिका नाही.

कॅथलॅब तंत्रज्ञ: आणि आता पल्स्ड फील्ड अब्लेशन आलंय. त्यात मुख्य काम उष्णतेचं नाही, विजेच्या क्षणिक झटक्यांचं. तिथे अग्नीही नाही, डागणीही नाही. 'अब्लेशन'च ठेवा.

विज्ञानशिक्षक: मग 'कॉन्टॅक्ट फोर्स'ही ठेवा आणि मराठी मिटवून टाका.

सोलापूरकर: 'जोर' मराठी नाही असं कोण म्हणतं? फारसीतून आला, पण इथे येऊन शतकं झाली. 'टेकण्याचा जोर' हा घ्या तुमचा मथळा.

विज्ञानशिक्षक: जोर म्हणजे बल, की शक्ती, की ऊर्जा? हेच तर विचारतोय.