दुसऱ्याचा ‘मी’ तोंडातून उतरत नाही, काय करता?

कऱ्हाडची_पोर

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

बर्लिनला येऊन नऊ वर्षं झाली. पोटापाण्याला सॉफ्टवेअर टेस्टिंग. उरलेला वेळ आमच्या गटात जातो. सगळे बाहेरून आलेले क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) लोक, सात-आठ जण, पगार कुणालाच नाही. कुणाला घर शोधून दे, कुणाबरोबर सरकारी कचेरीत जाऊन बस, असली कामं. माझ्या वाट्याला दुभाषीपण आलं, कारण हिंदी-उर्दू दोन्ही चालतं आणि जर्मन बरं आहे.

इथे आश्रय मागणाऱ्याची सरकारी मुलाखत होते. तासन्‌तास चालते आणि बरंचसं तिथेच ठरतं. त्याआधी वकिलाकडे बसून हकिगत नीट लावून घेतात, तिथे मी असते. दुभाष्याचा नियम असा की ‘तो म्हणतो की’ म्हणायचं नाही. समोरचा ‘मला’ म्हणाला की आपणही ‘मला’च म्हणायचं. म्हणजे "मला चुलत्याने कोंडलं", "मला भावांनी मारलं" हे जर्मनमध्ये माझ्या आवाजात, माझ्या तोंडून निघतं. दिवसाला तीन-तीन तास.

आपल्याकडचं ३७७, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मोडून काढलं. पाकिस्तानात तेच इंग्रजांचं कलम, तोच आकडा, अजून आहे. युरोपियन न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय की अशा अर्जदारांना अंथरुणातले तपशील खोदून विचारायचे नाहीत. तरी लोक आपणहून सांगतात. नाही सांगितलं तर खोटं वाटेल, ही धास्ती. आणि ते सगळं मला बोलावं लागतं.

परिणाम असा की माझा जबडा आवळून बसतो. इथली जाड सालीची पाव-भाकरी चावताना उजव्या कानापाशी कट्ट होतं. रात्री मी दात खाते, असं जोडीदारीण सांगते. फोनवरच्या अॅपने डोळे मिटून श्वास घ्यायला लावला. डोळे मिटले की दुपारची हकिगत पुन्हा सुरू, तीही ‘मी’नेच. समुपदेशकाच्या यादीत नाव घातलंय, नंबर लागायला महिने जातील.

तोवर शरीराने करण्यासारखं काही सांगा. ‘हे काम सोड’ एवढं सोडून काहीही.

अण्णा६१

ताई, पहाटे उठून बारा सूर्यनमस्कार घाला. रात्री हळद-दूध. असल्या गोष्टी डोक्यात घेऊन झोपू नये. तुमच्या राहणीबद्दल मी काही बोलत नाही, आमची पिढी वेगळी. काळजी घ्या.

कऱ्हाडची_पोर

अण्णा, बारा रोज घालते, आजीने लावलेली सवय. सकाळ बरी जाते. गाडं संध्याकाळी अडतं.

फिजिओ_पुणे

आधी जबड्याचं बघू. दोन्ही तळवे गालांवर, कानाच्या जरा पुढे-खाली ठेवा आणि दात दाबा. टणकन् वर येतो तो चावण्याचा स्नायू. दिवसभर तो कामावर असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ वर टेकलेली, ही विश्रांतीची जागा. सापडत नसेल तर ‘न’ म्हणा आणि जीभ तिथेच राहू द्या. (‘ण’ नव्हे!) तासाला एकदा तपासा. कट्ट आवाज आणि दात खाणं यासाठी दातांच्या डॉक्टरांना दाखवा, रात्री घालायचं कवच देतात.

श्वासाचं अॅप बंद केलंत ते उत्तम. ज्याला आत बघितलं की त्रास होतो त्याने डोळे मिटायचे नसतात. डोळे उघडे ठेवून भिंतीचा कोपरा, दाराची कडी, बाहेरचं झाड असं सावकाश बघत मान फिरवा. मग चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर. किंवा दात सुटे ठेवून नुसतं गुणगुणा, भ्रामरीसारखं. कानात बोटं घालायची गरज नाही. चक्कर आली तर थांबा.

नागपूर_टू_मेलबर्न

बावा, माझं थोडं आडवं मत आहे. मी ट्रान्स पुरुष, इथल्या गटात सहा वर्षं. आम्हीपण मीटिंगच्या आधी दहा मिनिटं योग सुरू केला होता. शिकवणारी बाई भली, पण न विचारता पाठीला हात लावून ‘छाती उघडा’ म्हणे. मी बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) घालून बसलेलो, छाती कुठून उघडू? (बाइंडर घालून व्यायाम करायचा नाही, झोपायचंही नाही. नवीन पोरांना कुणीतरी सांगा रे.) चौथ्या वेळेपासून निम्मे लोक दहा मिनिटं उशिराच यायला लागले.

आम्हाला उपयोग झाला तो साध्या नियमांचा. एका माणसाला आठवड्यात एकच हकिगत. त्यानंतर जेवण, आणि एकट्याने घरी जायचं नाही, कुणीतरी स्टेशनपर्यंत सोबत करेल. तू दिवसाला तीन तास म्हणतेस, तर आधी तुझ्या गटाला विचार की दुसरा उर्दूवाला का शोधला नाही. सगळा भार एकीवर टाकायचा आणि मग तिला श्वास शिकवायचा, हे काही खरं नाही.

घुंगरू_वाजे

मी लावणी करतो. हो, पुरुष आहे. मुंबईत, लग्नं, गणपती, कधी थेटर.

तुमचं ‘मला’ वाचून हसू आलं आणि काटाही आला. आम्ही रोज तेच करतो की. स्टेजवर ‘मी’ म्हणणारी कुणी वेगळीच असते. पण ती उतरवायची रीत आहे. माझ्या बाईंनी पहिल्या वर्षी नाचापेक्षा तेच जास्त शिकवलं. आत आलं की आधी खाली बसायचं. घुंगरं स्वतःच्या हाताने सोडायची, दुसऱ्याला सोडू द्यायची नाहीत. माझी दोन्ही पायांची मिळून चार किलो भरतात, ती सुटली की पाय वर उडाल्यासारखा वाटतो. ती कपाळाला लावून फडक्यात ठेवायची. मग टाचण्या. एकेक काढून डबीत, मोजून बावीस. बावीस होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. मग गार पाण्याने तोंड.

पूर्वी मी घाईत तसाच रिक्षात बसायचो. त्या रात्री झोप लागायची नाही, पोटऱ्या आपोआप ठेका धरायच्या.

तुम्ही एखादी वस्तू ठेवा, फक्त दुभाषी असताना अंगावर घालायची. काम झालं की मोजून-मापून उतरवा. आणि उतरवताना तुमच्या कऱ्हाडच्या भाषेत बोला, दुसऱ्या नको.

कऱ्हाडची_पोर

पाच आठवड्यांनी येतेय, सॉरी. सगळ्यांना एकत्रच लिहिते.

नागपूरकर, तुमचा प्रतिसाद जर्मनमध्ये करून गटात वाचून दाखवला. बरीच आदळआपट झाली, पण आता लाहोरकडचा एक विद्यार्थी उर्दू सांभाळतो. मला आठवड्याला एकच. दातांचं कवच आलं. दिसतं भयानक, पण कट्ट कमी झालंय.

घुंगरू, मी राखाडी मफलर ठरवला. वकिलाच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबते, त्याच्या झालरीच्या गाठी मोजते (चौतीस), घडी घालून पिशवीत टाकते आणि मोठ्याने म्हणते, "मी कऱ्हाडची. आज गुरुवार. घरात वांगी पडल्यात." एकदा वरच्या आजीबाई कुत्रा घेऊन उतरत होत्या. त्यांनी गंभीरपणे ‘गुटन टाग’ केलं. कुत्रा मात्र भुंकला.

दर वेळी उपयोग होतो असं नाही. मागच्या गुरुवारी चौतीस दोनदा मोजले तरी काही उतरलं नाही.

आणखी एक, तिला विचारून लिहितेय. जिची हकिगत मी बोलले होते अशी एक ट्रान्स बाई, पाकिस्तानी पंजाबातली, आता आमच्या गटात येते. रविवारी सगळे टेंपलहोफला गेलो होतो. जुना विमानतळ आहे, २०१० पासून लोकांना फिरायला मोकळा. धावपट्टीवर वारा असा की कान दुखावेत. ऊब यावी म्हणून मी म्हटलं, फुगडी घालू. हात कसे गुंफायचे ते दाखवायला गेले, तर तिचे हात आधीच बरोबर आडवे! त्यांच्याकडे याला किकली म्हणतात. लहानपणी बहिणींमध्ये घुसून खेळली की मार बसायचा, म्हणाली.

चवडे जुळवले, मागे रेललो. ती माझ्यापेक्षा चांगली वीस किलो जास्त, तेव्हा मी जबडा आवळायला मोकळीच नव्हते, सगळा जीव मनगटात. सात-आठ फेऱ्या झाल्या आणि ओल्या डांबरावर माझा बूट घसरला. दोघी आपटलो. माझा गुडघा सोलला. ती आडवी पडून पंजाबीत शिव्या हासडत होती, बाकीचे ‘काय म्हणतेय, काय म्हणतेय’ करून मला विचारत होते. मी काही भाषांतर केलं नाही.

अण्णा६१

गुडघ्याला हळद लावली का?