शेवट माहीत असला म्हणून काय झालं?

"भाकीत आलं की शेवट कळतो, मग परीकथेत उरतं काय?" असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. शार्ल पेरोची १६९७ची झोपलेल्या राजकन्येची गोष्ट घ्या. चाती (सूत कातायची टोकदार काडी) टोचून पोर मरेल असा म्हाताऱ्या परीचा शाप, म्हणून राजा राज्यभर चातीवर बंदी घालतो. परिणाम? पोरीने चाती कधी पाहिलेलीच नसते! मनोऱ्यात एक दुसरीच म्हातारी सूत कातताना दिसते आणि ही कुतूहलानेच चाती हातात घेते. बापाच्या मायेनेच घात केला. कंसाने तर आकाशवाणीच्या भीतीने तान्ही पोरं मारून स्वतःच वैर पेरलं. आमच्याकडे सिंधुदुर्गात जत्रेला दशावतार या लोकनाट्यातली आख्यानं सगळ्यांना पाठ असतात, तरी पहाटेपर्यंत माणसं बसून असतात. राजा नेमका कुठे चुकतो, ते बघायचं असतं.