अनुभव धागा : सडा, माळ, पडीक रान आणि तिथले सरपटणारे शेजारी

धागाकर्ती
सापांचा विषय निघाला की गप्पा "चावला का?" याच्यापुढे सरकत नाहीत. इथे जागांबद्दल लिहूया. तुमच्या ओळखीच्या सड्यावर (म्हणजे कोकणातलं उघडं कातळाचं पठार), माळावर, बांधावर कोण राहायचं आणि आता तिथे काय आहे? स्वतः पाहिलेलंच लिहा. नागमणी, डूख वगैरेंसाठी वेगळा धागा काढेन. मांडूळ आणि घोरपडीची नेमकी ठिकाणं मात्र लिहू नका, तस्करही वाचतात (माणसं, साप नव्हे).

कातळकर
आमचं गाव राजापूर तालुक्यात. गावाच्या वर सडा, सातबाऱ्यावर पोटखराबा. वैशाखात पाय ठेववत नाही, श्रावणात फुलांनी भरतो. गुरं घेऊन जायचो तेव्हा आजी बजावायची, धोंडा काठीनेच उलथ आणि आपल्याकडे उलथ, म्हणजे खाली फुरसं निघालं तर मध्ये धोंडा राहतो. फुरसं निघायचंच. वीतभर जीव, पण वेटोळं करून अंग अंगावर घासायला लागला की करवत चालल्यासारखा आवाज.

मोठेपणी अभ्यास करणारी काही मुलं आमच्या पडवीत मुक्कामाला आली. रात्री बॅटऱ्या घेऊन सड्यावर जायची. एकदा मीही गेलो. एका सुट्या धोंड्याखालून त्यांनी मला बोटाएवढी पाल दाखवली, अंगावर पांढरे पट्टे, भिंतीबिंतीशी तिला देणंघेणं नाही, वस्ती जमिनीवरच. तिची शास्त्रीय नोंद १९६३ सालची, आमच्याच जिल्ह्यातल्या डोर्ले गावातली. कोकणातल्या सड्यांपलीकडे ती जगात कुठेच नाही. एवढी वर्षं तिच्या डोक्यावरून चालत होतो आणि गावात कुणाला पत्ता नव्हता! बघून झाल्यावर पोरांनी धोंडा होता तसाच, होता तिथेच ठेवला.

आता तिथे काकांची कलमं आहेत. सुरुंग लावून खड्डे पाडले, ट्रकने माती आणली आणि सुटे धोंडे वेचून भोवती गडगा घातला. म्हणजे पालीचं घर उचलून कुंपण केलं. गडग्यात फुरशी दिसतात, ती पाल मला तरी पुन्हा दिसली नाही. काकांना म्हटलं तर म्हणाले, "सड्यावर काय मेलं ठेवलंय? धोंडे नि फुरशी!" त्यांना दोष देववत नाही, मुलीचं लग्न आंब्यावर झालं. शेजारच्या सड्यावर चिरेखाण आहे. तिथे कातळच कापून नेतात, त्यामुळे पुढचा प्रश्नच मिटला.

पाटणवाली
साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात जाऊन बघा. दगडादगडावर सरडा बसलेला, गळ्याची निळी-काळी-केशरी झालर उघडमीट करत. २०१६ मध्ये या सरड्यांच्या वंशाला शास्त्रज्ञांनी 'सरडा' हेच नाव दिलं. पवनचक्क्या आल्या तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं आता. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास उलटंच सांगतो. पात्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले आणि सरडे वाढले, निर्धास्तही झाले. माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत. याला चांगलं म्हणायचं की वाईट, माझं अजून ठरलेलं नाही. ससाण्याला विचारलं तर वेगळं उत्तर येईल.

हुकस्टिक
पुण्याच्या कडेला साप पकडतो, वनखात्याला कळवून. फोन कुठून येणार हे हल्ली नकाशा बघून सांगता येतं. टेकडीच्या पायथ्याशी जेसीबी लागला की पहिल्या पावसात त्याच पत्त्यावरून सुरू. बिळं बुजलेली, उरलेल्यांत पाणी. धामण, तस्कर, नाग आणि मे-जूनपासून घोणशीची पिल्लं. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, तीही डझनांनी. एका संकुलात मला मॅडम म्हणाल्या, "आमच्या सोसायटीत साप शिरलाय." मी म्हटलं, ताई, तो शिरला नाही, राहिलाय.

खरी पंचाईत पुढे. सोडायचा कुठे? लांब सोडला तर त्याला ना बीळ माहीत ना पाणी, भटकत रस्त्यावर येतो. जवळ सोडावा तर जवळ रान उरलेलं नाही.

धागाकर्ती
@हुकस्टिक, मग करता काय?

हुकस्टिक
ओढ्याकाठ. तिथे अजून बांधता येत नाही म्हणून. लोक बांधतात तो भाग वेगळा.

वेरिबीकर
मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो, इथे मराठी मंडळी भरपूर. आमची घरं ज्या गवताळ माळावर आहेत तिथे पूर्वी बिनकानाचा एक छोटा सरडा असायचा, कोळ्यांच्या बिळांत राहणारा. १९६९ नंतर कुणाला दिसलाच नाही, नामशेष धरून चालले होते. २०२३ मध्ये सापडला! मुलीच्या शाळेत त्याची चित्रं लागली. आमच्या गल्लीच्या टोकाला अजून असाच एक पट्टा मोकळा आहे, कुंपणावर पुढच्या टप्प्याच्या प्लॉटविक्रीची पाटी. मित्राने तिथेच बुकिंग केलंय. त्याला या धाग्याची लिंक पाठवली, अजून निळी खूण आलेली नाही.

कातळकर
@पाटणवाली, पठारावर सुट्या दगडांची राखण कोणी करतं का? आमच्याकडे गडग्यासाठी उरलेल्या सड्यावरचे धोंडेही चाललेत. ग्रामसभेत विषय मांडायचा आहे, कुठे काही ठराव झाला असेल तर सांगा.